बोलिव्हियातली शेळी

गंगाधर वैरागकर यांनी फिनलंडच्या कादंबरीत दहाव्याचा कावळा आणला, तेव्हा हॉलमध्ये कोणीही हरकत घेतली नाही.

गोठलेल्या तळ्याच्या काठी म्हाताऱ्या शेतकऱ्याचे नातेवाईक भाताचा पिंड ठेवून उभे आहेत. कावळे झाडावर बसलेत, पण एकही खाली उतरत नाही. मुलगा म्हणतो, जमीन विकणार नाही. पुतण्या म्हणतो, बांधाचं भांडण मिटवतो. कावळे हलत नाहीत. थोरली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, म्हणून तिला कोणी पुढे बोलावलेलं नाही. ती मागूनच म्हणते, आईला मी बघेन. आणि एक कावळा उतरतो. गंगाधर इथे थांबले, पाण्याचा घोट घेतला. पुढच्या रांगेत दोघी-तिघींनी डोळे पुसले.

त्यांच्या पत्नी अनसूयाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. तो म्हातारा म्हणजे त्यांचे वडील. ती थोरली मुलगी म्हणजे त्या स्वतः. तळं गोठलेलं नव्हतं. ते उजनी धरणाचं पाणी होतं, मागे केळीच्या बागा होत्या आणि काठावरच्या दगडांनी पाय भाजत होते.

देशोदेशी वाचक मंडळाची बैठक दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी भरते. रेल्वे लाइन्समध्ये डॉ. अभिमन्यू शेटे यांचा दातांचा दवाखाना आहे, त्याच्या वरचा हॉल. पद्धत ठरलेली. जगातला एक देश निवडायचा, तिथली मराठीत न आलेली एक कादंबरी घ्यायची, ती एकाने इंग्रजीतून वाचायची आणि बाकीच्यांना मराठीत सांगायची. सांगणारे पहिल्यापासून गंगाधरच, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. शेवटी ते त्या कादंबरीची शिफारस करत आणि सगळ्यांनी ती मिळवून वाचावी असं बजावत. कोणी वाचत नसे. सरांकडून ऐकलं की वाचल्यासारखंच झालं, असं सभासद एकमेकांना सांगत. त्यामुळे सांगितलेली कादंबरी आणि छापलेली कादंबरी यांची गाठ कधी पडतच नसे.

मंडळाचा नियम एकच होता आणि तो गंगाधरांनीच घातला होता: न वाचता बोलायचं नाही. एकदा अनिलकुमार नावाच्या बँकेतल्या निवृत्त अधिकाऱ्यांनी हौसेने एक जपानी कादंबरी सांगितली. गंगाधरांनी त्यांना सगळ्यांसमोर तीन प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला अनिलकुमारांनी इंटरनेटवरचा सारांश वाचून आल्याचं कबूल केलं. "म्हणजे जेवणाचा फोटो बघून ढेकर दिलात," गंगाधर म्हणाले. हॉल हसला. अनिलकुमार पुन्हा आले नाहीत.

पुढे गंगाधरांच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध करडा डाग आला. कडेचं दिसायचं, मधलं नाही. रस्ता ओलांडता यायचा, ताटातली चटणी सापडायची, समोरचा माणूस खांद्यांवरून ओळखू यायचा. अक्षर मात्र गेलं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पुण्याच्या मुलीने, चेतनाने, फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली. तो घाईघाईने बोलणारा परका आवाज त्यांच्या कानात शिरेना. मंडळाला हव्या असलेल्या कादंबऱ्या तिथे मिळतही नसत. नवराबायकोने ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. पुस्तकाचं पार्सल येई. गंगाधर पुस्तक मांडीवर ठेवून पानं उलटत बसत, आणि बैठकीला निघताना अनसूयाबाई त्यात मधूनमधून कागदाच्या खुणा घालून देत.

कादंबरीचा मजकूर कुठून आणायचा हा प्रश्न होता. एका संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत गंगाधर बायकोला म्हणाले, "तुमच्या गावचं काहीतरी सांग. तुझ्या वडिलांच्या दहाव्याला काय झालं होतं?"

अनसूयाबाईंना आधी वाटलं, चेष्टा करतायत. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती आणि त्यांच्या माहेरच्या गावाविषयी गंगाधरांनी कधी एक प्रश्न विचारला नव्हता. घरी प्राध्यापक मंडळी जमली की ते सांगायचे, आमच्या हिचं विश्व म्हणजे करमाळा तालुका. आता ते कान देऊन ऐकत होते. मध्ये थांबवून विचारत होते: नदीचा वास कसा यायचा, म्हातारीने कुठलं लुगडं नेसलं होतं. त्या आठवड्यात अनसूयाबाई भराभर कामं उरकायच्या आणि गॅलरीत येऊन बसायच्या. आणि मग रविवारी त्यांनी फिनलंड ऐकलं.

राग आला नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. त्यांच्या बापासाठी सोलापुरातल्या डॉक्टरांच्या बायका रडल्या होत्या.

पुढच्या महिन्यांत चुलत्याची विहीर सुरुंग लावताना ढासळली ती कोरियात. मावशीचं लग्न मांडवातून परत गेलं ते तुर्कस्तानात. धरणाचं पाणी चढायला लागल्यावर गावाने देव आधी हलवले आणि माणसं नंतर, ते पोलंडमध्ये. गर्दी वाढली. पूर्वी हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं असत. आता खुर्च्या भाड्याने आणाव्या लागत. डॉ. शेटे यांनी प्रत्येक कथनाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली.

ते रेकॉर्डिंग अनसूयाबाईंचा धाकटा भाऊ बाळासो नेमाने ऐकायचा. धरणाच्या काठावर त्याची केळी होती. पाण्याची मोटार चालू करून बांधावर बसायचं आणि दाजींची गोष्ट लावायची, हा त्याचा परिपाठ झाला होता. फिनलंड ऐकून त्याने बहिणीला फोन केला होता. "अक्का, तिकडं बी आपल्यावानीच हाय की गं सगळं," तो म्हणाला. "आपल्या अण्णांचा कावळा बी असाच आडून बसला व्हता." अनसूयाबाई हसून हो म्हणाल्या. बाळासो साधा माणूस. दाजींनी पुस्तकात वाचलं म्हणजे ते पुस्तकात असणारच.

उन्हाळा संपत आला तेव्हा गोष्टी संपत आल्या. गंगाधर चिडचिडे झाले. डॉ. शेटे यांचा फोन आला की जूनमध्ये काहीतरी जबरदस्त पाहिजे, माणसं हादरली पाहिजेत. त्या संध्याकाळी अनसूयाबाई भाकरी थापत असताना गंगाधर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"ते शेळीचं सांग पुन्हा एकदा," ते म्हणाले.

अनसूयाबाईंचा हात परातीत थांबला.

शेळीचं असं होतं. बहात्तरच्या दुष्काळात अनसूया चौदा वर्षांची होती. आई मथुराबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरी सहा वर्षांचा बाळासो आणि तान्ही बहीण चिमी. मथुराबाईच्या अंगावरचं दूध आटलेलं. एक शेळी होती, ती दिवसाला वाटीभर दूध द्यायची. ते चिमीचं. पाजायचं काम अनसूयेचं. अनसूया त्यातलं निम्मं स्वतः प्यायची आणि वाटी पाण्याने भरायची. पावसाच्या आधी चिमी गेली. आपण कामावर गेलो, पोरीला जवळ घेतलं नाही, म्हणून ती गेली असं मथुराबाईने धरून ठेवलं. तिने दूध सोडलं. दही, ताक, चहा, काही नाही. पुढे दावणीला दोन म्हशी आल्या तरी नाही. मरेपर्यंत नाही. अनसूया हे बघत राहिली आणि बोलली नाही. पहिल्या बाळंतपणात मुलीला पाजताना रडू आवरेना, तेव्हा तिने हे नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याशिवाय कोणालाच नाही. गंगाधर तेव्हा म्हणाले होते की हे आपल्या दोघांत राहील.

"ते नको," अनसूयाबाई म्हणाल्या. "दुसरं काहीही सांगते."

"दुसरं काय उरलंय?"

"बाळासो ऐकतो."

"बाळासोला फिनलंड कळलं का? बोलिव्हियाही कळणार नाही. त्याला केळी कळतात."

"आईनं दूध सोडलेलं त्याला माहितीये. ते आलं की तो ओळखेल."

गंगाधर म्हणाले की दूध सोडणं हाच तर त्या गोष्टीचा कणा आहे. तो काढला तर एक भुकेली मुलगी दूध प्यायली एवढंच राहतं, आणि तशा मुली जगात पैशाला पासरी आहेत. आपण देश बदलतो, नावं बदलतो, मग बिघडतं कुठे, असंही ते म्हणाले. अनसूयाबाईंनी पिठाचे हात जोडले. गंगाधरांना ते दिसले की नाही कोण जाणे. ते आत निघून गेले.

अनसूयाबाईंनी तीन दिवस वाट पाहिली. मग त्या रिक्षाने होटगी रोडला उत्कर्षाकडे गेल्या. उत्कर्षा मंडळाची चिटणीस. एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवायची. नवरा वाचू शकत नाही हे एकदा सांगून टाकायचं, म्हणजे नियमाप्रमाणे कथन बंद होईल, असा त्यांचा हिशेब होता. नवऱ्याची अब्रू जाईल हेही त्यांनी धरलं होतं.

उत्कर्षाने चहा दिला, बिस्किटं दिली आणि शांतपणे ऐकून घेतलं. मग ती हसली.

"काकू, आम्हाला माहितीये. कावळ्यापासून. मी घरी येऊन ती कादंबरी शोधली, अशी कादंबरीच नाही. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, राहू दे, सर खऱ्या कादंबऱ्या सांगायचे तेव्हा लोक घोरायचे."

"मग थांबवा की त्यांना."

"कशाला? आम्हा चार-पाच जणांचा वेगळा ग्रुपच आहे. पुढच्या देशात सर काय घालणार यावर पैजा लागतात. पोलंडमध्ये ग्रामदेवतेचा पाट निघाला तेव्हा मी शंभर रुपये जिंकले." तिने काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सरांना मात्र सांगू नका हं. वाईट वाटेल त्यांना. पण एक सांगा, हे सगळं त्यांना सुचतं कुठून?"

अनसूयाबाईंनी कप खाली ठेवला. खरं उत्तर दिलं असतं, तर जूनमध्ये येणारी शेळी कोणाची हेही आजच सांगितल्यासारखं झालं असतं. त्या म्हणाल्या, कोणास ठाऊक, आणि उठल्या.

जूनच्या शेवटच्या रविवारी गंगाधरांनी बोलिव्हिया सांगितलं. त्यांनी इतकं चांगलं कधीच सांगितलं नव्हतं. उंच पठार, पाऊस नाही, आई खाणीवर दगड फोडायला गेलेली. वाटीत दुधावर पाणी ओततानाचा आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवला. आई दुधाचा वास आला तरी घराबाहेर जाऊन बसायची, हेही त्यांनी घातलं. ते खरंच होतं. हॉलमध्ये पंख्यांशिवाय आवाज नव्हता. अनसूयाबाई नेहमीच्या जागी मागच्या रांगेत होत्या. घरी थांबल्या असत्या तर चेतना, शेजारी, मंडळ, सगळ्यांनी कारण विचारलं असतं.

मग चर्चा झाली. चर्चा ही बैठकीची पद्धतच होती. सभासद पात्रांविषयी मतं मांडत. एका वकिलीणबाईंनी आईचं कौतुक केलं. डॉ. शेटे म्हणाले की मुलगी मोठी झाल्यावर लेखकाने तिचं लग्न एका चांगल्या घरात लावून दिलं हे त्यांना पटलं नाही. अशा मुलीला सुख कसलं द्यायचं. एक गृहस्थ म्हणाले, चौदा वर्षं म्हणजे काही लहान वय नव्हे, आमच्या आईने त्या वयात संसार केला. उत्कर्षा म्हणाली, "मला ती मुलगी किळसवाणी वाटली. दूध प्यायली याचं मी समजू शकते. पण नंतर आईकडे वर्षानुवर्षं बघत राहिली आणि गप्प बसली. अशी बाई पुढे कोणाची बायको असेल, आई असेल. त्यांना माहीत तरी असेल का, घरात कोण आहे ते?"

सगळ्यांनी गंगाधरांकडे पाहिलं. समारोप नेहमी तेच करत. त्यांनी चष्मा काढला, पुसला. चष्म्याचा आता काही उपयोग नव्हता, सवय होती.

"लेखकाने तिला क्षमा केलेली नाही," ते म्हणाले. "शेवटच्या पानापर्यंत नाही. आणि ते योग्यच आहे."

टाळ्या झाल्या. खालून चहा आला.

बाळासोचा फोन मंगळवारी आला. मागे मोटारीचा आवाज होता. त्याने घरचं कसं काय, पाऊस कसा काय, असलं काही विचारलं नाही.

"अक्का, ती शेळी आपली व्हती न्हवं?"

अनसूयाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दाजींनी ती पुस्तकात वाचली न्हाय. आईचं दूध सोडल्यालं पुस्तकात कुटनं येईल? तू सांगितलंस त्यास्नी." त्याने मोटार बंद केली. "तू पीत व्हतीस व्हय?"

"व्हय," अनसूयाबाई म्हणाल्या.

"आई मरायला टेकली तवा डॉक्टर म्हणला, दूध द्या. मी चमचा घिऊन बसलो व्हतो. तिनं दात आवळून धरलं. तू पायाशी बसली व्हतीस. तवा तरी बोलायचं."

त्याने फोन ठेवला. पंचमीला दरवर्षी न्यायला यायचा तो आला नाही. भाऊबीजेला अनसूयाबाईंनी ताट तयार केलं. चेतना त्या दिवशी व्हिडिओवर दिसली, मामा कुठाय म्हणून तिने विचारलं. कामात असेल, असं तिला सांगितलं.

गंगाधरांना बाळासोचा फोन माहीत होता. अनसूयाबाईंनी त्यांना तो शब्दाशब्दाने सांगितला होता. ते म्हणाले होते, राग आहे, उतरेल. गावाकडची माणसं धरून ठेवत नाहीत. मग त्यांनी विचारलं होतं की तो कथनाविषयी काय म्हणाला.

डिसेंबरात मंडळाला दहा वर्षं पूर्ण होणार होती. पार्क चौकाजवळचं सभागृह घ्यायचं, निमंत्रणं सहकुटुंब द्यायची आणि सरांनी एक मोठी कादंबरी सांगायची असं ठरलं. देश ठरला चिली. दिवाळी झाल्यावर गंगाधर बायकोला म्हणाले, "आता काहीतरी लांबलचक पाहिजे. घराण्याची गोष्ट. आहे का?"

अनसूयाबाईंनी थोडा विचार केला.

"आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडच्या इनामदारांची."

रोज संध्याकाळी साडेसातला 'उसना उंबरठा' ही मालिका लागायची. सोलापुरात त्या वेळेला भाजीवाल्या बायकासुद्धा गाडे आवरते घेत. अनसूयाबाई ती पहिल्या भागापासून बघत होत्या. गंगाधर मात्र साडेसात वाजले की आतल्या खोलीत जात, दार लावत आणि कानात रेडिओ घालत. मालिका बघणाऱ्या बाईच्या मेंदूचं लोणचं होतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मालिकेचं नावही त्यांना माहीत नव्हतं.

आठ वाजता अनसूयाबाई टीव्ही बंद करायच्या, दार उघडायच्या आणि इनामदारांची गोष्ट सांगायला बसायच्या. सासूने वाड्याला आग लावली. सून जळाली असं सगळ्यांना वाटलं, पण ती वाचली. चेहरा मात्र गेला. डॉक्टरांनी नवा चेहरा दिला.

"त्या काळी? खेड्यातल्या बाईला?" गंगाधरांनी विचारलं.

"मिरजेला केलं."

गंगाधरांनी मान हलवली. मिरज म्हटल्यावर शंका उरली नाही. नव्या चेहऱ्याची सून त्याच घरात सासूची नर्स म्हणून येते. नवरा ओळखत नाही. तो दुसरं लग्न करायला निघालेला. एवढं झालं की अनसूयाबाई थांबायच्या.

"मग पुढे?"

"उद्या सांगते. आज एवढंच आठवतंय."

गंगाधर आठ वाजायची वाट बघू लागले. पाच मिनिटं उशीर झाला तर आतून ओरडायचे, तुझा तो तमाशा संपला का, ये लवकर. ते खूष होते. एकदा ते म्हणाले, "इतकं दांडगं कथानक तुझ्यापाशी होतं आणि तू बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत," अनसूयाबाई म्हणाल्या.

सभागृह भरलं होतं. सभासदांनी सासवा, सुना, मेहुण्या, शेजारणी आणल्या होत्या. अनसूयाबाईंना सन्मानाने पहिल्या रांगेत बसवलं होतं, उत्कर्षाच्या शेजारी. व्यासपीठावर मांडीवर जाड इंग्रजी पुस्तक घेऊन गंगाधर बसले. पुस्तकात खुणा होत्या. त्यांनी चिलीचा इतिहास सांगितला, समुद्र आणि पर्वतांच्या मधली ती चिंचोळी पट्टी सांगितली, आणि गोष्टीला हात घातला.

आगीपाशी मागच्या बाजूला कुजबुज झाली. गंगाधरांनी ती दाद समजून आवाज खाली आणला. नव्या चेहऱ्यापाशी कोणीतरी फिसकन हसलं. नर्स वाड्यात आली तेव्हा मधल्या रांगांतल्या बायका एकमेकींकडे बघून मान हलवत होत्या. उत्कर्षाने पर्समधून फोन काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

मग गंगाधर सुनेच्या लहान मुलावर आले. आईविना वाढलेला मुलगा नर्सचा हात धरतो. गंगाधर पुढे झुकले आणि हळू म्हणाले, "मावशी, तुझ्या हाताला माझ्या आईचा वास येतो."

हे वाक्य महिनाभर मालिकेच्या जाहिरातीत रोज वाजत होतं. रिक्षावाले ते एकमेकांना म्हणत. गंगाधर डोळे पुसण्यासाठी जागा ठेवून थांबले होते; त्या जागेत अख्खं सभागृह हसलं. गंगाधरांना कडेकडेने हलणारी डोकी दिसली. चेहरे दिसले नाहीत.

"आता सासू औषधाच्या बाटल्या बदलणार बघा, सर," मागून एक बाई म्हणाली.

गंगाधर ताठ झाले. त्यांचा चेहरा उजळला. दहा वर्षांत पहिल्यांदाच सभागृहात कोणीतरी कादंबरी वाचून आलं होतं.

"कोण बोललं?" त्यांनी विचारलं. "बाई, आपण वाचली आहे ही?"

"वाचायची कशाला? रोज साडेसातला बघतो की."

हसण्याचा दुसरा लोट आला तो लवकर थांबला नाही. डॉ. शेटे दुसरा माइक घेऊन उभे राहिले. सावरून घेतील असं काहींना वाटलं. तेही हसत होते.

"सर, एकदा सांगूनच टाका," ते म्हणाले. "फिनलंडपण साडेसातलाच लागायचं का?"

गंगाधरांनी मांडीवरचं पुस्तक उघडलं. एक पान उलटलं, मग दुसरं, जणू त्यात कुठेतरी आधार असेल. पुस्तक उलटं होतं. ते पहिल्या रांगेतल्यांनी एकमेकांना दाखवलं.

"अनसूया," ते म्हणाले. माइक चालू होता, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "अनसूया, हे काय म्हणतायत?"

अनसूयाबाई त्यांच्यासमोर दहा पावलांवर बसल्या होत्या. त्या हलल्या नाहीत. शेवटी सभागृहाच्या शिपायाने गंगाधरांना हाताला धरून पायऱ्या उतरवल्या.

उत्कर्षाने काढलेली चित्रफीत संध्याकाळपर्यंत शहरभर फिरली. रात्री मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला की वैरागकर सरांनी दिलेल्या योगदानाबद्दल मंडळ ऋणी आहे आणि जानेवारीपासून कथन उत्कर्षा मॅडम करतील. तो अनसूयाबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला.

"मुद्दाम केलंस?" गंगाधरांनी विचारलं.

"हो."

"मी निदान तुझं नाव तरी बदललं होतं."

अनसूयाबाईंनी ताट वाढलं होतं. ते त्यांनी गंगाधरांच्या हाताला लागेल असं सरकवलं आणि भाजी कुठे, भाकरी कुठे ते सांगितलं. गंगाधर जेवले. नंतरचे दिवस ते आतल्या खोलीतच असत. पार्सलं यायची बंद झाली.

आठवड्याने सकाळी गंगाधरांचा फोन वाजला. नंबर दिसत नसल्यामुळे ते फोन नेहमी स्पीकरवरच घेत.

"दाजी, बाळासो बोलतोय," पलीकडून आवाज आला. "तुमचा तो व्हिडिओ आला की हितं. लई हसलो बगा. आमच्या घरात तर पोट धरधरून हसत्यात समदी. पोरं रोज लावत्यात, आईचा वास येतो म्हणून. वाईट वाटून घिऊ नका. चालायचंच."

स्वयंपाकघरात अनसूयाबाईंनी नळ बंद केला. सहा महिन्यांनी त्या हा आवाज ऐकत होत्या. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि गंगाधरांच्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. बाळासो ऊसतोडीचं, थंडीचं, केळीच्या भावाचं बोलत होता. गंगाधर हो, हो म्हणत होते. बोलणं संपत आलं तेव्हा त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आकाराकडे मान वळवली.

"अक्काला देऊ का?" त्यांनी फोनमध्ये विचारलं. "इथंच उभी आहे."

पलीकडे मोटारीचा आवाज येत राहिला.

"नगं," बाळासो म्हणाला. "ठिवतो."

गंगाधरांनी फोन टेबलावर ठेवला.

"ऐकलंस ना?" ते म्हणाले.

तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं.